पाचवा रकाना

...आणि तो डाग इतका फिका होता, की फिल्म जरा तिरकी धरली तर दिसेनासाच व्हायचा. तिने ती पुन्हा सरळ केली. एक्स-रेसारख्या करड्या-निळसर प्लास्टिकचा तळहाताएवढा तुकडा, कडा थोड्या वळलेल्या, एका कोपऱ्यात अंधारखोलीत कुणाच्या तरी ओल्या बोटाचा उठलेला ठसा – खिडकीच्या काचेवर टेकवला की त्यातून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत होती, आणि टाकीवर शेजारी शेजारी पाच उभे रकाने. चार रकाने हवे तसे. पाचव्यात काही असायला नको होतं. पाचव्यात काही नाही, असंच गेली अकरा वर्षं सगळ्यांना माहीत होतं. तिरकी धरली की नाही. सरळ धरली की आहे.

तिने फिल्म पाकिटात घातली, पाकीट खणात टाकलं, खण बंद केला आणि लगेच उघडला.

पत्र काल दुपारी आलं होतं. कुठल्याशा लांबच्या प्रयोगशाळेतली कुणी संशोधक, नाव कधी न ऐकलेलं. तुमचा शोधनिबंध वाचूनच मी हा विषय घेतला, तीन वर्षं झाली, पहिले दोन तुकडे आमच्याकडे अगदी तुम्ही लिहिलंय तसेच वागतात, पण तिसऱ्याचं जमत नाही... सतरा वेळा करून पाहिलं. पट्टी येत नाही, आणि आलीच तर बदललेल्या तुकड्यालाही येते. आमच्याच हातून काहीतरी चुकतंय याची मला खात्री आहे. तुमची मूळ फिल्म बघायला मिळाली तर आमची चूक कुठे होते ते कळेल. आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व.

क्षमस्व! एखाद्याने आपला पाय तुडवावा आणि आपणच 'सॉरी' म्हणून बाजूला व्हावं, तसा तो शब्द पत्राच्या तळाशी अंग चोरून उभा होता. काल संध्याकाळपासून तिला तेवढाच दिसत होता. सकाळी चहा घेताना नवरा म्हणाला होता, "तू कालपासून तीन वेळा 'हो' म्हणालीस, आणि मी एकदाही काही विचारलेलं नाही." यावरही ती 'हो' म्हणाली होती. तो हसला होता. तीही हसली होती – हसणं जमतं, एवढं लक्षात येऊन तिला उगाच बरं वाटलं होतं.

तसं पाहिलं तर गोष्ट साधी होती. ही गोष्ट वर्गात सांगताना ती नेहमी फळ्यावर एक गोल काढायची. ही पेशी. हिच्यावर दिवसभर बाहेरून निरोप येऊन आदळत असतात – वाढ, थांब, दोन हो, मर. सगळेच ऐकले तर पेशी वेडी होईल. म्हणून आत एक जनुक असतं, त्याचं काम या निरोपांचा आवाज कमी करणं. पण त्या जनुकाला जागं कोण करतं? शरीरावर ताण आला की रक्तातून एक संप्रेरक येतं, पेशीतलं एक प्रथिन ते धरतं, धरून थेट केंद्रकात शिरतं आणि जनुकाच्या थोडं अलीकडे असलेल्या, पंधरा अक्षरांच्या एका तुकड्यावर जाऊन बसतं. जागा ओळखीची असेल तरच बसतं. बसलं की जनुक चालू. असे दोन तुकडे सगळ्यांना ठाऊक होते. तिसरा... इथे कुणीतरी विद्यार्थी हमखास म्हणायचा, "तिसरा तुम्ही शोधलात ना, मॅडम?" आणि ती खडूची धूळ झटकत म्हणायची, "आम्ही." त्या 'आम्ही'मधला विनय तिला स्वतःलाही आवडायचा.

शोधलात, हे सिद्ध कसं करायचं? तेही सोपं. पंधरातली चार अक्षरं मुद्दाम बदलायची. मग जेलच्या, म्हणजे थलथलीत पारदर्शक थराच्या, चौथ्या रकान्यात खरा तुकडा, पाचव्यात बदललेला, आणि त्यावर फिल्म ठेवायची – जितका जास्त वेळ, तितक्या पट्ट्या गडद. प्रथिन खऱ्यावर बसलं तर चौथ्यात पट्टी उमटते. बदललेला त्याला ओळखूच येता कामा नये, म्हणून पाचवा रिकामा. पाचव्यातही पट्टी आली, तर प्रथिन कशावरही बसतंय. मग तुमच्या त्या पंधरा अक्षरांत विशेष ते काय?

मी काही खोडलं नव्हतं. काही चिकटवलं नव्हतं. हे तिने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता त्या वाक्याला चालच लागून गेली होती. मी फक्त दुसरी फिल्म कमी वेळ ठेवली. रात्रभर ठेवलेल्या फिल्मवर पाचव्यात फिकी पट्टी होती, वीस मिनिटं ठेवलेल्या फिल्मवर नव्हती. छापली ती वीस मिनिटांची. दोन्ही खऱ्याच ना? एकाच जेलच्या. कमी वेळ ठेवणं हा काही गुन्हा नाही, सगळे ठेवतात... तेव्हा दहा दिवसांची मुदत होती. नियतकालिकाच्या परीक्षकांनी तिसऱ्या तुकड्याचा पुरावा मागितला होता, दुसऱ्या एका गटाचा निबंधही वाटेवर असल्याची कुजबुज होती, ती अडतीस वर्षांची होती आणि दारावरच्या पाटीवर तिचं नाव लागून जेमतेम वर्ष झालं होतं.

तिने उत्तर लिहायला घेतलं. 'आपलं पत्र मिळालं. अशी अडचण आम्हालाही सुरुवातीला आली होती. फिल्म कमी वेळ ठेवून पाहावी. तसंच, जेल भरताना चौथ्या रकान्यातलं द्रावण शेजारी सांडण्याची शक्यता असते, तेव्हा हात...'

हात. इथे तिची बोटं थांबली.

दादा त्या दिवशी फिल्म घेऊन अंधारखोलीच्या बोळाच्या तोंडाशी आले होते, अजून ओली, चिमट्यात धरलेली, खाली पाणी गळू नये म्हणून दुसऱ्या हाताचा पसा. दादा म्हणजे प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ. तिच्याहून चौदा वर्षांनी मोठे, सगळेच त्यांना दादा म्हणायचे. ती विद्यार्थिनी म्हणून आली तेव्हा पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं होतं – "अंगठा दाबायचा नाही, टेकवायचा. बाकीचं ते स्वतः करतं." दादांनी पिपेट धरलं की थेंबसुद्धा विचारून पडतो, असा एक विनोद तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. ते म्हणाले, "मॅडम, पाचव्यात आलंय." नुसतं एवढंच. आणि ती... ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली. अगदी मायेने त्यांच्या दंडाला हात लावून म्हणाली, "शेजारचं सांडलं असेल हो, दादा. होतं असं कधी कधी. दमलाय तुम्ही."

त्यांनी फिल्मकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"असेल," म्हणाले.

तिने लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. मग उठली. मूळ वही बघायला हवी, असं तिने स्वतःला बजावलं – कुणी मूळ फिल्म मागतंय तर नोंदी ताडून बघणं हे कामच आहे – आणि जिना उतरताना तिला कळत होतं की हाही एक वेळकाढूपणाच आहे.

तळघरातल्या जुन्या वह्यांच्या खोलीची किल्ली भांडारपालाकडे असायची. तो म्हणाला, "अकरा वर्षांपूर्वीची? मॅडम, तिथे आता झुरळांनीही राजीनामे दिलेत." तरी किल्ली दिली. वह्या वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या. दादांची वही ओळखायला उघडावीही लागली नाही, जाड पुठ्ठ्यावर कागद चढवलेला, कोपरे पट्टीने शिवल्यासारखे चिकटवलेले – बाकीच्यांच्या वह्यांत ती उठून दिसत होती. तिने उभ्या उभ्याच पान काढलं. तारीख. द्रावणांची मापं. आणि खाली, त्या सरळ, शाळकरी अक्षरात: 'पाचव्या रकान्यात फिकी पट्टी. मॅडमना दाखवली. माझ्या हातून शेजारचे सांडले असावे.'

ती पान मिटणारच होती. पण पुढचं पान जाड लागलं. त्यावर फिल्म चिकटवलेली होती.

'रविवार. तेच पुन्हा केले. चौथा आणि पाचवा यांच्यामध्ये एक रकाना मोकळा सोडला. पाचव्यात पट्टी. चौथ्याइतकीच गडद. पुन्हा माझी चूक.'

पुढचं पान. 'रविवार. नवीन पिपेट. बदललेला तुकडा आधी भरला, खरा नंतर. पट्टी. चूक कुठे होते समजत नाही.'

पुढचं. आणि त्याच्याही पुढचं. चार रविवार. चार फिल्म, कापून, चौकटीत बसवून, चारही बाजूंनी चिकटवलेल्या. चारही फिल्मवर चौथा आणि पाचवा जुळ्यासारखे – फिका-बिका काही नाही, तिरकं धरून न दिसण्याची सोयच नव्हती. चौथ्या रविवारच्या खाली लिहिलेलं: 'हात विश्वासाचा राहिलेला नाही. आणखी वाया घालवू नये.'

आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात, आठवड्याची तपासणी झाल्याची, तिची सही.

ती सही तिचीच होती. त्या वर्षी ती शेवटचं अक्षर उगाच लांब ओढायची. तेव्हा ढीगभर वह्या यायच्या शनिवारी, ती बोलता बोलता, फोनवर, पानं उलटत सह्या करायची, कोण वाचतं... वाचलं होतं का मी? तिने डोळे मिटून तो शनिवार आठवायचा प्रयत्न केला. टेबल आठवलं, फोन आठवला, खिडकीवरचा ऊन अडवणारा पुठ्ठा आठवला. पान आठवेना. वाचलं नव्हतं, असं म्हणावंसं वाटत होतं. ते वाटणं इतकं उत्सुक होतं, की त्यावर विश्वास ठेवायची तिला लाज वाटली. फिल्म चिकटवलेलं पान बोटांना जाड लागतं. आत्ता लागलं, तसं तेव्हाही लागलंच असेल.

दोन महिन्यांनी दादांनी अर्ज केला होता: नजर कमी झाल्यामुळे बारीक काम होत नाही, तरी काचसामान धुण्याच्या खोलीत बदली मिळावी. तिने शिफारस केली होती. वर दोन ओळी कौतुकाच्या. नऊ वर्षं ते तिथे बाटल्या धूत होते. जाता-येता दिसायचे, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. निवृत्तीच्या दिवशी तिने भाषण केलं, थेंबाचा तो विनोद सांगितला, सगळे हसले, आणि दादांनी दोन्ही हात खिशात घातले होते. तेव्हा तिला वाटलं होतं, लाजले.

दुपारचे दोन वाजले होते. वही पिशवीत घालून ती बाहेर पडली.

दादांचं घर बसने पाच थांब्यांवर होतं. पूर्वी एकदा आली होती, त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी. तिसरा मजला, जिन्यात कुणाच्या तरी सायकली. दार वहिनींनी उघडलं. हातात अर्धवट शिवलेला फ्रॉक, दातात दोरा.

"अगंबाई, मॅडम! फोन तरी करायचा. या, या. अहो, कोण आलंय बघा!" आणि खुर्चीवरची कापडं उचलताना, आवाज जरासुद्धा न बदलता, "नातीचा फ्रॉक. यांना म्हटलं सुईत दोरा ओवून द्या, माझे डोळे गेले, तर द्यायचे नाहीत. जन्मभर एवढं बारीक काम केलेला माणूस! म्हणे, माझ्या हाताचा भरवसा नाही. मी म्हटलं, सुई आहे, बॉम्ब नाही."

दादा आतून आले. वाळले होते. सदऱ्याची वरपर्यंतची बटणं लावत म्हणाले, "काय मॅडम, वाट चुकलात?"

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. बोलायचं ते आत्ताच, नाहीतर चहा येईल, मग नातीचे फोटो येतील... तिने वही टेबलावर ठेवली. त्यांनी ती लांबूनच ओळखली, हात लावला नाही.

"दादा, ती पाचव्या रकान्यातली पट्टी... ती खरी होती. सांडलं-बिंडलं काही नव्हतं. तुमचा हात बरोबर होता. पाचही वेळा."

ते बघत राहिले. मग खुर्चीत बसले.

"कसं कळलं?"

"एकीचं पत्र आलंय. तिलाही तेच येतंय. तिसरा तुकडा तसा नाहीच."

"कधी?"

"काल," ती म्हणाली.

पत्र कालच आलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण त्यांनी विचारलं होतं ते वेगळंच, तिला कधी कळलं ते, हे तिला स्पष्ट कळत होतं. दादांचा चेहरा तिच्यासमोर हळूहळू उलगडत गेला. आधी कपाळ, मग डोळे. त्यांनी दोन्ही हात समोर धरले, पालथे केले, सुलटे केले.

"अगं, ऐकलंस का?" ते आत बघून मोठ्याने म्हणाले, "हात बरोबर होता म्हणे माझा!" आणि तिच्याकडे वळून, खालच्या आवाजात, "मी तेव्हा डॉक्टरांना दाखवला होता हो. हिलासुद्धा सांगितलं नाही. म्हटलं, कंप सुरू झाला की काय. तर ते म्हणाले, ठणठणीत आहे. मग म्हटलं, हात चांगला आहे, तर माझंच लक्ष नसणार. ते जास्त वाईट ना... आणि बघा! तुम्ही मुद्दाम सांगायला आलात. कोण येतं एवढं?"

कोण येतं एवढं. ते वाक्य तिच्या अंगावरून गरम पाण्यासारखं गेलं. तिथेच थांबता आलं असतं. चहा प्यायचा, वहिनींना 'खरंच हो' म्हणायचं, जिना उतरायचा. दादा आयुष्यभर तिचे उपकार मानत राहिले असते. तेवढंच तिला सोसणार नाही, असं तिला वाटलं – की सोसलंही असतं? गेली अकरा वर्षं काय करत होते मी?

"काल नाही," ती म्हणाली.

"काय?"

"काल नाही, दादा. पत्र काल आलं. मला... तुम्ही फिल्म घेऊन आलात ना बोळात, तेव्हाच वाटलं होतं की ही पट्टी खरी असणार. म्हणून तर मी दुसरी फिल्म कमी वेळ ठेवली. तुमचा हात चुकला, असं मला कधी वाटलंच नव्हतं. एक क्षणसुद्धा."

वहिनी चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण नवऱ्याचा चेहरा त्यांनी पाहिला, आणि कप न ठेवताच परत आत गेल्या.

खाली कुणीतरी सायकल काढत होतं.

"मला का नाही सांगितलंत?" दादांनी विचारलं. रागाने नाही, एखादं माप विचारावं तसं. "मी काय करणार होतो? कुणाला सांगणार होतो? तुम्ही म्हणाला असतात, दादा, राहू दे, मी बघते, तर मी गप्प बसलो असतो. निबंध तुमचा. पण माझं कामच... मला ते काम आवडायचं हो."

"हो."

"हो काय?"

तिने वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी वही उघडली, चौथ्या रविवारचं पान काढलं, त्यावरून बोट फिरवलं.

"ही पोरगी, पत्रवाली. किती वेळा केलंन् म्हणते?"

"सतरा."

"सतरा." त्यांनी वही मिटली. "मी चार वेळांत हरलो. तिला काय कळवलंत?"

"अजून काही नाही."

"इकडे आधी आलात."

त्यात काही विचारलेलं नव्हतं. ते उठले, म्हणून तीही उठली. दारापर्यंत ते आले, वही त्यांच्याच हातात होती, तिने ती मागितली नाही. वहिनी बाहेर आल्या नाहीत. जिन्याच्या पहिल्या वळणावर तिने मागे पाहिलं तेव्हा दार लागलेलं होतं, आपटून वगैरे नाही, नेहमीसारखं.

बस रिकामी होती. ती खिडकीशी बसली आणि पहिली जाणीव झाली ती हलकं वाटण्याची – आणि त्या पाठोपाठ, तिच्या नकळत, आत कुणीतरी सांगायला लागलं. आज रात्री नवऱ्याला सांगेन, कधीतरी त्या पत्रवालीलाही: मी वही पाहिली, आणि मला राहवलं नाही. मी तडक त्यांच्या घरी गेले. त्यांना समोर बसवून सगळं सांगून टाकलं, पहिल्या वाक्यापासून, काही हातचं न राखता. ते रागावले नाहीत, पण... वाक्यं छान जमत होती. त्यांच्यात एक प्रकारचं धैर्य होतं. दोन थांबे गेले तेव्हा तिच्या लक्षात आलं, की या सगळ्यात 'काल' हा शब्द कुठेच नाही. तो उलगडत गेलेला चेहरा नाही. पालथे-सुलटे केलेले हात नाहीत, 'कोण येतं एवढं' नाही. पाऊण तासही झाला नव्हता, आणि तिने तेवढं बरोबर काढून टाकलं होतं, कुणी सांगितलं नसताना, कुठलीही मुदत नसताना.

तिचे कान तापले. आजूबाजूला तिच्याकडे बघणारं कुणी नव्हतं, चालकाची पाठ, पुढच्या बाकावर पेंगणारी एक बाई. इतके दिवस वाटायची ती लाज उघडं पडण्याची होती, तिला लोक लागायचे. ही तशी नव्हती. हिला कुणीच लागत नव्हतं.

तिने सुरुवातीपासून पुन्हा सांगायला घेतलं. मी वही पाहिली. त्यांच्या घरी गेले. त्यांनी विचारलं कधी, आणि मी म्हणाले, काल. इथवर आली की आत काहीतरी भराभर पुढे सरकायला बघायचं, लगेच दुरुस्त केलं ना, असं म्हणायला बघायचं... ती परत मागे यायची. मी म्हणाले, काल. ते खूष झाले. मी त्यांना खूष होऊ दिलं. तिचा थांबा आला, दार उघडलं, कुणी चढलं नाही, दार मिटलं. ती बसूनच राहिली, आणि पुन्हा, सावकाश, पहिल्या वाक्यापासून.